देवघरातली सीडी

पिंपळगाव रेणुकाई,
९ नोव्हेंबर २००५

प्रिय बेबीनंदा,

तुला आणि रेणूला पोटभर आशीर्वाद, रामरावांना नमस्कार. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. त्यांच्या दुखण्यामुळे तुम्हाला दिवाळीला येता आलं नाही याचा राग मी मानलेला नाही, पण करंज्यांचा एक डबा आठ दिवस तुझ्या नावानं फळीवर ठेवलेला होता आणि मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझं पत्र ऑगस्टात आलं आणि मी उत्तर लिहितोय नोव्हेंबरात. चौतीस वर्षं ज्यानं गृहपाठ उशिरा आणला म्हणून पोरांना बाकावर उभं केलं, त्या मास्तरची ही तऱ्हा. तू काही फार मागितलं नव्हतंस. रेणू चार वर्षांची झाली, रामरावांना पप्पा म्हणते, आणि भिंतीवरच्या देवानंदच्या फोटोकडे बोट करून विचारते की हा बाबा कसा बोलायचा. तुला काही सांगता येईना, म्हणून तू लिहिलंस की नाना, त्यांच्या कॉम्प्युटरवर ते रेणूशी बोललेले तुकडे आहेत ना, तेवढे सीडीवर घालून पाठवा, बाकी मला त्या घरातलं काही नको. हे शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. देवानंद गेल्यावर तुझं दुसरं लग्न मीच पुढे होऊन लावून दिलं, भावकीनं तोंडं फिरवली तरी, आणि तू निघालीस तेव्हा म्हटलं होतं की सून म्हणून चाललीस तरी लेक म्हणून हक्कानं मागत जा. त्यानंतर तू एवढं एकच मागितलंस, आणि ते मला देता येत नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं झाली तरी मी इकडचं तिकडचंच सांगत बसेन. मला मी ओळखतो.

ते यंत्र घरात आलं नव्व्याण्णव साली. जालन्याला सुरजमलजींच्या छापखान्यात देवानंद लग्नपत्रिका जुळवायचा. तिथे नवं मशीन आलं आणि जुनं यानं टेम्पोत घालून गावी आणलं. मी त्याला खोकं म्हणायचो, मरेपर्यंत खोकंच म्हणालो, म्हणजे तो मरेपर्यंत. मला पोरगा डी.एड. करून झेडपीत मास्तर झालेला हवा होता, आणि हा आमच्या बैठकीत खोक्यापुढे बसून लोकांच्या नवरानवरींच्या नावांभोवती मोर काढत बसायचा. तू बाळंतपण उरकून माहेराहून आलीस तेव्हा रेणू अडीच महिन्यांची होती. त्यानं कुठूनसा शेंगेएवढा माईक आणला आणि पोरीला मांडीवर घेऊन खोक्याशी बोलायला लागला. खोक्यात एका वेळी साठच सेकंद आवाज भरायचा, साठ झाले की आपोआप बंद. म्हणून सात दुपारी त्यानं सात तुकडे भरले. मला तो पोरखेळ वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. चैत्रात जालन्याहून पत्रिकांचा गठ्ठा घेऊन येताना राजूरच्या अलीकडे त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली, आणि तेराव्यानंतर त्या खोक्यावर मीच एक जुनं लुगडं टाकलं.

तुझं पत्र आल्यावर ते लुगडं काढलं. मशीन सुरू व्हायलाच अर्धा तास. मग मध्येच सगळा पडदा निळा व्हायचा आणि इंग्रजीत काहीतरी भलतंच बोलायचा. तिसऱ्या दिवशी ते जरा माणसांत आलं, मला त्याचा कप्पा सापडला, आणि पहिल्या तुकड्यावर मी दोनदा बोट दाबलं. बेबीनंदा, तो घरात बोलला. आत पुष्पा भाकरी थापत होती. (बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण पत्रात चालतं.) तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तुला माहीत आहे, तो गेल्यापासून तिनं एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. कुणी दुसऱ्यानं घेतलं तर ती उठून गोठ्यात जायची. त्या दिवशी तिथेच उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “परत लाव.” सातही तुकडे दोनदा वाजले, आणि तिसऱ्यांदा लावताना खोकं मध्येच गोठलं.

मशीनचा काही भरवसा राहिला नव्हता. म्हणून त्यातली हार्ड डिस्क काढून, टॉवेलात गुंडाळून, एसटीनं जालन्याला नेली. सुरजमलजींनी आपल्या हातानं सीडी करून दिली आणि पहिला तुकडा मला ऐकवला. म्हणाले, “काकासाहेब, दोन करून घ्या. ही चीज नाजूक असती.” मी म्हणालो, दुसरी कशाला, मशीनवर आहेच की. एवढं वाक्य नीट लक्षात ठेव. माझ्या सगळ्या शहाणपणाची सुरुवात तिथून आहे.

आता तू म्हणशील, सीडी झाली तर लगेच का नाही पाठवली? पोस्टात मोडेल म्हणून, असं मी लोकांना सांगत होतो. खरं कारण म्हणजे पुष्पा तिला घराबाहेर जाऊ देईना. तिनं ती सीडी देवघरात ठेवली, रेणुकाईच्या टाकाशेजारी. सकाळी देवांना कुंकू लावताना सीडीलाही एक बोट. चकचकीत बाजूला, कारण तिच्या लेखी तेच तिचं तोंड. आणि कुंकू लावताना ती सीडीशी बोलायची. “उठला का? आज रानात कापूस वेचायचाय, बायका येऊन राह्यल्यात.” मी चहा पीत बाहेर बसलेला असायचो. साडेतीन वर्षांनी माझी बायको बोलायला लागली होती. एक चकती कुंकवानं माखली तर माखो, असं मला वाटलं. कुंकू पुसता येतं. तुम्ही दिवाळीला येणार होतात, तेव्हा तुझ्या हातात द्यायची असं ठरलं.

आणि मग माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. रेणू दिवाळीला येणार, तर तिनं बापाचा आवाज बापाच्याच मशीनवर, त्याच खुर्चीत बसून ऐकावा. त्यासाठी मशीन धड करायला हवं, म्हणजे जुनं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायला हवं. हे मला कसं कळलं, तर देवानंदच्या वहीतून. गावातल्या दोघातिघांना शिकवायला त्यानं एका दोनशे पानीत सगळं क्रमानं लिहून ठेवलं होतं, आणि कपाटात विंडोज ९८ची सीडी, सुरुवातीची फ्लॉपी, आवाजाच्या कार्डाची वेगळी सीडी, सगळं रबर लावून एकत्र. त्याच्या अक्षरावरून मी त्याला किती मारलंय हे मला आठवलं. मोडीही नाही आणि बाळबोधही नाही असं अक्षर. दीड महिना मी ती वही अभ्यासली. एकोणसत्तराव्या वर्षी मुलाच्या वहीतून शिकत होतो आणि सांगायला लाज वाटत नाही, त्यानं फार छान शिकवलंय. जिथे माणूस अडतो तिथेच तो थांबून समजावतो. हा पोरगा मास्तरच होता. मला ते तो नसताना समजलं.

वहीत पहिलीच ओळ अशी आहे: “विंडोज टाकायच्या आधी, पाहिजे ते सगळं दुसरीकडं काढून घेतलं का? काढलेलं उघडून बघितलं का? मंगच पुढं.” ‘उघडून बघितलं का’ याच्याखाली दोन रेघा मारल्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुष्पानं दरवर्षीसारखे देव घासायला काढले. दसऱ्याला पाटावर कोयता, खुरपं, विळा, आणि यंदा पहिल्यांदा देवानंदचा कीबोर्डही मांडला, त्याला झेंडूची माळ. मध्यभागी सीडी. दारातून ऊन येत होतं आणि ती अशी झळकत होती की मी लांबून हात जोडले आणि बायकोला म्हणालो, वा, अगदी लख्ख ठेवलंस. ती लाजली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, मी तिची तारीफ केल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे, आणि त्यातला एक हा.

कोजागिरी सोमवारी होती. आमच्याकडे हल्ली लाईट सकाळी सहा ते दहा राहते, नंतर चारपर्यंत नाव नाही. पुनवेची म्हणून पुष्पा पहाटेच डोकं धुऊन देवीला गेली. मी मशीन जोडलं, फ्लॉपी घातली, वही मांडीवर घेतली. पहिली ओळ. काढून घेतलं का? घेतलंय. उघडून बघितलं का? सीडी देवघरात, आणि मी पारोसा. तुला या घरची रीत माहीत आहे, आंघोळीशिवाय देवघरात हात घालायचा नाही, मी आईच्या वेळेपासून पाळतो. चुलीवरचं पाणी अजून कोमट होतं. आंघोळ उरकून बसायला तासभर जाणार, दहाला लाईट जाणार, आणि काम अर्ध्यात राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी मनात म्हटलं, जालन्याला आपण कानांनी ऐकलंय की. सीडी देवाजवळ आहे, तिला काय होणार? मशीननं काळ्या पडद्यावर विचारलं की यावरचं सगळं कायमचं जाईल, पुढे जायचं का, हो की नाही? जन्मभर पोरांना सांगत आलो, प्रश्न पूर्ण वाचा. मी पूर्ण वाचला. दोनदा वाचला. आणि ‘हो’चं अक्षर दाबलं.

पडद्यावर टक्के मोजत गेले. शंभर झाले तेव्हा मला चक्क आनंद झाला. मग विंडोजची सीडी, मग तो पंचवीस अक्षरांचा नंबर, तो मी तीनदा चुकलो कारण देवानंदचं आठ बीसारखं दिसतं. दहाला पाच कमी असताना मशीन नव्यानं उघडलं, कोरं, स्वच्छ. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजाचं कार्ड बसवलं, तेच सगळ्यात किचकट होतं. स्पीकरमधून विंडोजची ती सुरुवातीची धून आली तेव्हा मी आत हाक मारली, आण गं त्याला.

ती आणली तिनं, दोन्ही हातांच्या ओंजळीत. मी घातली. आतलं चक्र फिरलं, थांबलं, घरघरलं, पुन्हा फिरलं, आणि पडद्यावर आलं की आत काही नाही. मी काढून परत घातली. चार वेळा. मग दाराशी उजेडात नेऊन तिरकी धरली. चकचकीत बाजूवर गोल गोल चरे होते, आतून बाहेरपर्यंत, समईवर पडतात तसे. पुष्पा माझ्या खांद्यामागून डोकावली आणि म्हणाली, “चमकतीय न्हाई का? कुंकवानं लई चिकट झाल्तं, मंग देवांसंगं त्यालाबी चिंच लावली, राखुंडी लावली, बराबर घासून काढलं. देवांवानी.”

ती स्पीकरपुढे मांडी घालून बसली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. कथा ऐकायला बसतात तशी. विचारलं, “लाव की.” आणि माझ्या तोंडून आलं ते असं: ह्या मशीनचा आवाजाचा भाग गेलाय, जुनं झालंय, हे आता वाजायचं नाही. सीडीला काही झालेलं नाही. सिन्नरला रामरावांच्या नव्या मशीनवर बिलकुल साफ वाजेल. तिनं मान हलवली, सीडी पदरानं पुसली आणि परत देवघरात नेऊन ठेवली. मी गोठ्यात जाऊन रडलो. एवढा मोठा माणूस, गाईच्या पाठीला तोंड लावून. तेराव्यालाही रडलो नव्हतो, कारण तेव्हा लोक बघत होते.

नंतर मला जे सुचलं ते सगळं मी केलं. पेन्शनीचा हयातीचा दाखला द्यायचाय असं सांगून ती चकती गुपचूप जालन्याला नेली. सुरजमलजींनी ती भिंगाखाली धरली, कसलीशी पेस्ट लावून तासभर चोळली, तीन मशीनमध्ये घालून बघितली. काही नाही. त्यांनी एका शब्दानं म्हटलं नाही की मी दोन करा म्हणालो होतो. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. हार्ड डिस्क औरंगाबादला एका जाणकाराकडे दिली. त्यानं आठ दिवसांनी परत दिली आणि म्हणाला, मास्तर, नुसतं पुसलं असतं तर कदाचित काही हाती आलं असतं, तुम्ही त्यावर नवं विंडोज टाकलंत, त्याच जागेवर टाकलंत. त्याला नावं मात्र सापडली. रेणू एक, रेणू दोन, सातपर्यंत सगळी. उघडली तर आत खरखर.

चूक कुणाची, यावर मी बरेच दिवस घालवले. तिनं घासली म्हणून सीडी गेली, हे खरं. पण सीडी गेली असती तरी मशीनवर आवाज होता. मशीनवरचा मी पुसला. आंघोळ करून दहा पावलांवरची ती चकती उचलून घालून बघितली असती, तर ती वाजली नसती, मी थांबलो असतो आणि आज तुला दुसरी सीडी पाठवली असती. मुलानं दोन रेघा मारून सांगितलं होतं. मी त्याचं जिवंतपणी ऐकलं नाही आणि मेल्यावरही ऐकलं नाही. ही माझी चूक आहे, बेबीनंदा, आणि रेणू मोठी झाली की तिला हे असंच सांग, आजानं पुसलं म्हणून. आजीचं नाव घेऊ नको. मी तुझी माफी मागतो. वडीलधाऱ्यानं लेकीची माफी मागू नये म्हणतात, पण दुसरा इलाज मला माहीत नाही.

आवाज गेला. पण मी ते सात तुकडे दोनदा ऐकलेत, आणि मास्तर असल्यामुळे ऐकलेलं मला पाठ होतं. सातातले पाच मला धड आठवतात, ते लिहून देतो, जसे तो बोलला तसेच. पहिला: “हॅलो, हॅलो. रेणू, मी तुझा बाप बोलून राह्यलो. तू आता माझ्या मांडीवर हायेस आन् माझं बटन खाऊन राह्यली. बटन खायचं न्हाई.” मग नुसतं हसणं. दुसरा: “तुझं नाक आईवर गेलंय, बरं झालं. आमच्या घराचं नाक दारातून आधी आत येतं, मंग माणूस.” तिसरा जरा सावकाश आहे. आपल्या यात्रेत माईकवर तोच असायचा ना, त्याबद्दल बोललाय: “तू यात्रेत हरवलीस तर रडायचं न्हाई. मंडपापाशी यायचं. तिथं माईकवर मीच असतो. तुझं नाव पुकारीन, आईचं नाव पुकारीन, समद्या यात्रेला कळंल.” चौथ्यात मीही आहे. तो काहीतरी सुरू करतो आणि बाहेरून मी ओरडतो, बंद कर ते खोकं, जेवायला ये. त्यावर तो हळूच म्हणतो, “हा तुझा आजा. वरडतो, पर चावत न्हाई.” आणि उठून जेवायला जातो. पुढची चाळीस सेकंद खोलीत कुणी नाही, लांबून भांड्यांचा आवाज येतो. ती चाळीस सेकंद मी खाल्ली. पाचव्यात रेणू रडते आणि तो उगी उगी करतो, आणि शेवटी म्हणतो, “आता टाइम संपून राह्यला, राहिलेलं मंग सां”, आणि तिथेच कटतं.

सहावा आणि सातवा मला आठवत नाहीत. ऐकताना मी पुष्पाकडे बघत होतो. रोज सकाळी बसतो, डोळे मिटतो, एखादा शब्द येईल म्हणून, पण येत नाही. तू त्या खोलीत असायचीस, शिवणाच्या मशीनपाशी. तुला काही आठवलं तर एका ओळीत कळव. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुझं नवं घर आहे, जुन्या दुपारी उकरायला तुला सांगणं बरं नव्हे, हे मला समजतं.

आता हे सगळं आजच, स्पीड पोस्टानं का लिहितोय ते. येत्या रविवारी, तेरा तारखेला, पुष्पा तुझ्याकडे येतेय. मी मारलेल्या थापेवर विश्वास ठेवून. तुम्ही दिवाळीला आला नाहीत तेव्हा ती म्हणाली, मंग मीच नेते आन् तिथंच ऐकते. शेजारच्या कांताबाईंची लेक नाशकाला दिली आहे, त्यांच्या सोबतीनं निघणार आहे. कधी औरंगाबादच्या पलीकडे न गेलेली बाई नवं पातळ काढून बसलीय. तुला फोन केला नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि ती सारखी त्याच्याजवळ. मी सोबत येत नाही, माझ्यात ती हिंमत नाही. आपल्या हातानं मुलाचा आवाज गेला हे तिला कळलं तर ती पुन्हा गप्प होईल, आणि या खेपेला ती बोलेपर्यंत मी उरणार नाही. तर सीडी तिच्या हातून घे. ती स्वतः ऐकायचा हट्ट धरेल. मशीन रामरावांच्या ऑफिसात आहे, तिथे बायामाणसांना सोडत नाहीत म्हणून सांग. रामरावांनी ती घेऊन जावी, संध्याकाळी परत आणावी आणि वाजली म्हणावं. एवढं खोटं तुम्ही दोघं बोला, त्याचं पाप माझ्याकडे. रेणूला मात्र खोटं शिकवायचं नाही. पत्र हाती पडल्यापासून रविवारपर्यंत तिला वरचे पाच तुकडे वाचून दाखव, सकाळ-संध्याकाळ. पोर हुशार आहे, तिच्या तोंडात बसतील. पुष्पा तिला मांडीवर घेऊन विचारणारच की तुझा बा काय काय म्हणला गं. तेव्हा पोरीला खरं तेच सांगता येईल, त्याच्याच शब्दांत. पुष्पानं तेवढं ऐकून परत यावं, एवढं माझ्यासाठी कर.

तुझाच,
नाना